चौथा प्रश्न

माझ्या थोरल्या बहिणीला माझ्याकडे राहायला यायचं होतं. तसं तिने मला लेखी विचारलं होतं, पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरात, दीडशे शब्दांच्या आत. मी तो कागद अकरा मिनिटांत वाचला, खाली लाल पेनाने शेरा मारला आणि तिला परत दिला. शेरा असा होता: 'उतारा चांगला. चौथ्या प्रश्नाचं उत्तर उताऱ्यात नाही. मुलं गोंधळतील. काढून टाकणे.'

असा गाढवपणा माणसाच्या हातून कसा होतो हे कळायला आधी ताई कळायला हवी.

ताई छत्तीस वर्षं एकाच शाळेत भाषा शिकवत होती. शाळेत तिला सगळे उतारेबाई म्हणत. भाषेच्या पेपरात न वाचलेल्या उताऱ्याचा एक प्रश्न असतो. मुलांनी आधी कधीही न पाहिलेला मजकूर द्यायचा आणि खाली पाच प्रश्न विचारायचे. आसपासच्या शाळांनी मिळून त्याची एक सराव पुस्तिका काढायला सुरुवात केली, तेव्हा बाकीचे शिक्षक जुन्या पुस्तकांतले परिच्छेद उचलून देऊन मोकळे झाले. ताईला ते पटेना. पुस्तकातलं कुणीतरी वाचलेलं असणारच, मग त्याला न वाचलेला उतारा कसं म्हणायचं, असा तिचा बिनतोड सवाल होता. म्हणून ती उतारे स्वतः लिहायला लागली. दर वर्षी बारा, अशी बावीस वर्षं.

लिहायची तिची एक पद्धत होती. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी ती पट्टी धरून अर्ध्यात फाडायची. पेन्सिलीने लिहायची आणि दर दहाव्या शब्दावर एक बारीक टिंब द्यायची, म्हणजे शब्द मोजायला सोपे जात. पुस्तिकेवर नाव समितीचं असे. हजारो मुलांनी तिचं लिखाण घाम पुसत पुसत वाचलं आणि त्यातल्या एकालाही ते कुणाचं हे माहीत नव्हतं. मी एकदा चिडून म्हटलं, "निदान कोपऱ्यात तरी नाव घाल."

"नको गं. नाव दिसलं की मुलांना वाटतं हे पण पाठ करायचंय," ती म्हणाली.

मला वाचायला तिनेच शिकवलं. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि ती एकोणीस. वडील दिवसभर कामावर. ती मला वेणी घालता घालता गोष्ट वाचून दाखवायची. पुस्तक माझ्याच मांडीवर उघडं असायचं, कारण तिचे हात माझ्या केसांत. ऐन रंगात आलं की ती थांबायची आणि विचारायची, "बारके, आता त्या मुलीला काय वाटलं असेल?"

मी पानावर शोधायची. "तसं लिहिलेलं नाहीये इथे."

"म्हणून तर विचारतेय," ती म्हणायची आणि वेणीला एक हिसका द्यायची.

मी आता चोपन्न वर्षांची आहे, वजनाने म्हणाल तर दोघींची भरेन, पण ती मला अजून बारकीच म्हणते. तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मात्र मी काही शिकले नाही. उलट, उत्तर न देता गुण कसे मिळवायचे हे शिकले आणि पुढे त्यावरच पोट भरलं.

मी भाषेच्या शिकवण्या घेते. घराच्या पुढच्या खोलीत सहा बाकं आणि एक फळा. मुलं मला पेन्सिलबाई म्हणतात, कारण माझ्या वर्गात पेन्सिलीशिवाय उतारा वाचायला बंदी आहे. माझी रीत सोपी: आधी प्रश्न वाचा, उतारा नंतर. प्रश्नातला ठळक शब्द हेरा, तोच शब्द उताऱ्यात शोधा, त्याखाली रेघ मारा, ते वाक्य जसंच्या तसं उतरवा. उतारा पूर्ण वाचलाच पाहिजे असं काही नाही. कवितेच्या रसग्रहणाचंही मी तयार मिश्रण ठेवलं आहे. कवीने साध्यासोप्या शब्दांत मोठा आशय मांडला आहे, प्रतिमा मनाला भिडतात, शेवट अंतर्मुख करतो. हे कुठल्याही कवितेला चालतं. मी एकदा गंमत म्हणून ते औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांना लावून पाहिलं, तिथेही चाललं. माझ्या मुलांना पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि पालक पुढच्या भावंडाचं नाव आधीच घालून ठेवतात.

ताईला माझी रीत आवडत नव्हती, पण तिने कधी तोंड वाजवलं नाही. उलट तिने मला आपल्या कामाला जुंपलं. दर रविवारी चार वाजता ती माझ्याकडे यायची. चहा ठेवला की पिशवीतून अर्धा कागद काढून माझ्यापुढे सरकवायची. मी घड्याळ काढून टेबलावर ठेवायची, परीक्षेत मिळतात तशी अकरा मिनिटं लावायची आणि विद्यार्थिनी होऊन उतारा सोडवायची. मग लाल पेनाने शेरा: सोपा, अवघड, प्रश्न दोन आणि तीन सारखेच वाटतात. असं पंधरा वर्षं चाललं. निवृत्तीनंतरही समितीने तिला सोडलं नव्हतं. "तू सोडवलंस की सर्वसाधारण मुलाला कितपत कळेल याचा मला अंदाज येतो," ती म्हणायची. यात टोमणा होता हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

ताई एकटी राहायची, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत. चोपन्न पायऱ्या आणि लिफ्ट नाही. खाली दाराशी एक किल्लीवाला बसायचा. साठी उलटल्यावर तिचे गुडघे कुरकुरायला लागले. शेजारचं बिऱ्हाड गेलं, समोरच्या जागेत कुठल्याशा कंपनीचं गोदाम आलं. हे सगळं मला माहीत होतं. जिना चढताना ती पहिल्या मजल्यावर किल्ली शोधायच्या निमित्ताने थांबायला लागली, हेही मी पाहिलं होतं. पाहून, डॉक्टरला दाखव, असं सांगितलं होतं.

माझं घर तळमजल्यावर. मागे एक खोली आहे, तिला मोठी खिडकी आहे. त्या खोलीत मी वर्गाचे गठ्ठे ठेवायची: वीस वर्षांच्या उत्तरपत्रिका, जुन्या पुस्तिका, मार्गदर्शकं. खिडकी उघडायची म्हटलं तरी आधी पाच गठ्ठे हलवावे लागायचे. रविवारी चहा संपला की ताई कप विसळता विसळता विचारायची, "मागच्या खोलीत काय आहे गं हल्ली?"

"काय असणार, गठ्ठे," मी म्हणायची.

"अजून तेच?"

"आहेत जागेवर."

किती रविवार हे चाललं कोण जाणे. आमचे हे फार बोलणारे नाहीत, पण एकदा ती गेल्यावर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "ताईंना इकडेच बोलावून घेऊ या का?"

"छे, तिला तिचं घर सोडवायचं नाही," मी म्हटलं. कुणी विचारलं होतं तिला? मी तर नाही. पण इतक्या ठामपणे म्हटलं की त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

आणि मग एका रविवारी तो अर्धा कागद आला. नंतर तो मी तिच्याकडून मागून आणला, म्हणून इथे जसाच्या तसा देते, चौथा प्रश्न तेवढा आठवणीतून.

'एक निवृत्त बस कंडक्टर उंच इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असे. आयुष्यभर त्याने लोकांना सांगितले होते, पुढे सरका, पुढे जागा आहे. आता दिवसभर त्याच्याशी बोलायला कोणी नसे. घरात चालू घड्याळ असूनही तो रोज खाली उतरून किल्लीवाल्याला वेळ विचारी आणि पुन्हा वर चढे. त्याचा धाकटा भाऊ त्याच गावात राही. भावाच्या घरी एक खोली होती, तिच्यात रिकामी खोकी भरून ठेवली होती. कंडक्टर दर आठवड्याला भावाकडे जाई आणि निघताना विचारी, "खोकी कशी आहेत?" भाऊ हसून म्हणे, "आहेत जागेवर." कंडक्टरही हसे. परतीच्या बसमध्ये जागा रिकामी असली तरी तो उभाच राही. सवय होती.'

खाली पाच प्रश्न. एक, कंडक्टर कोठे राहत असे? दोन, तो कोणाला वेळ विचारी? तीन, 'निवृत्त' या शब्दाचा अर्थ लिहा. चार, कंडक्टर भावाला खोक्यांबद्दल का विचारत असावा, ते तुमच्या शब्दांत लिहा. पाच, उताऱ्याला योग्य शीर्षक द्या.

तुम्ही ओळखलंच असेल. शाळकरी मूल ओळखेल. मी ओळखलं नाही. मी घड्याळ लावलं, आधी प्रश्न वाचले आणि पेन्सिल घेऊन उताऱ्यात 'खोकी' शोधायला गेले. 'खोकी' दोनदा सापडली, 'का' कुठेच सापडेना. उत्तर उताऱ्यात नाही, म्हणजे प्रश्न चुकीचा. पंधरा वर्षांची सवय, लाल पेन आपोआप चाललं. किल्लीवाला वाचून मला वाटलंसुद्धा, बरं झालं, ताईने खालचाच माणूस घेतला, तेवढीच मेहनत वाचली.

तिने शेरा वाचला. वाचायला जरा वेळ घेतला. मग म्हणाली, "नक्की काढू?"

"काढच. गुण कशावर द्यायचे? दहा मुलं दहा उत्तरं लिहितील."

"लिहू देत की."

"ताई, तपासणाऱ्याचा विचार कर जरा."

"बरं," ती म्हणाली. तिने पिशवीतून खोडरबर काढला आणि तिथेच बसून चौथा प्रश्न खोडला. कागदावरचा चुरा तळहाताने एकत्र केला, उठून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि त्या जागी नवीन प्रश्न लिहिला: खोकी कोठे ठेवली होती? कागद माझ्याकडे फिरवून म्हणाली, "आता ठीक?"

"आता अगदी चोख," मी म्हटलं. मला स्वतःचं कौतुकही वाटलं. त्या दिवशी कप विसळताना तिने मागच्या खोलीचं काही विचारलं नाही. ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. उताऱ्यात जे असतं ते मला सापडतं, जे गाळलेलं असतं ते दिसत नाही, एवढाच माझ्या हुशारीचा आवाका.

दोन महिन्यांनी ताईने सांगितलं की तिने एक जागा पाहिली आहे. गावाबाहेर, वयस्क लोकांनी एकत्र राहायची. तळमजल्यावरची खोली, जोडीला एक निवृत्त नर्स, सकाळ-संध्याकाळ डॉक्टर. "तुझं काय मत?" तिने विचारलं.

मी मत दिलं, तेही मुद्द्यांत. एक, जिना चढायला नको. दोन, वैद्यकीय सोय. तीन, सोबत. ती ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "मुद्देसूद आहे." खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तिच्या गुडघ्यांची काळजी कुणीतरी माझ्या अंगावरून परस्पर उचलून नेत होतं. मी उत्साहाने तिचं सामान आवरलं. चोपन्न पायऱ्यांवरून शेवटची पेटी खाली आली तेव्हा किल्लीवाल्याने उठून विचारलं, "बाई, आता मला वेळ कोण विचारणार?" तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी आपली टॅक्सीवाल्याला डिकी उघडायला सांगत होते.

पुढच्या वर्षीची सराव पुस्तिका आली आणि मी ती वर्गात घेतली. कंडक्टरचा उतारा सातवा होता. त्या तुकडीत एक मुलगी होती, नववीतली, तिचं प्रत्येक वाक्य 'पण बाई' ने सुरू व्हायचं म्हणून मुलं तिला पणपण म्हणत. असं एक मूल दर वर्षी असतंच आणि त्याला गप्प कसं करायचं हे मला चांगलं जमतं. मी म्हटलं, "प्रश्न चार. खोकी कोठे ठेवली होती? शब्द हेरा, रेघ मारा."

"पण बाई, त्याला ती खोली हवी होती ना?" पणपण म्हणाली.

"कुणाला?"

"कंडक्टरला. राहायला. म्हणून तर तो सारखं विचारतो. मग सरळ का नाही विचारत?"

"ते विचारलेलं नाही इथे. पुढे चल."

"पण बाई, भाऊ काय बिनडोक होता का? त्याच्या कसं लक्षात येत नाही?"

मुलं हसली. मी फळ्यावर पाचवा प्रश्न लिहायला वळले. 'शी' लिहिलं, 'र्ष' लिहिलं आणि हात थांबला. आहेत जागेवर. ते वाक्य कंडक्टरच्या भावाचं नव्हतं, माझं होतं. माझ्या तोंडून जसं निघायचं तसंच्या तसं उतरवून घेतलेलं. आयुष्यभर मी मुलांना वाक्यं जशीच्या तशी उतरवायला शिकवलं आणि माझंच वाक्य माझ्यापुढे आलं तेव्हा मला ते ओळखता आलं नाही. मी फळ्याकडे तोंड करून किती वेळ उभी होते ते मुलांनाच माहीत. वर्ग मी वीस मिनिटं आधी सोडला.

मागच्या खोलीत जाऊन एका गठ्ठ्यावर बसले. मला रडू आलं आणि राग आला, आधी तिचा, मग माझा. तिचा अशासाठी की माणसाने बहिणीला असं कोड्यात विचारावं? आणि माझा अशासाठी की ते कोडं नव्हतंच. पंधरा-एक वर्षांच्या पोरीला एका वाचनात कळलं होतं. संध्याकाळी ह्यांना सांगितलं. त्यांनी बाह्या वर केल्या आणि पहिला गठ्ठा उचलला. चार दिवसांत आम्ही खोली रिकामी केली, भिंती रंगवल्या, पलंग टाकला. खिडकी उघडली, ती आधी जरा अडली आणि मग उघडली. पाचव्या दिवशी मी ताईकडे गेले.

ती खोलीत नर्सबाईंना काहीतरी वाचून दाखवत होती. नर्सबाईंना आता डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. मला बघून ताईने पुस्तकात बोट ठेवून ते मिटलं. आम्ही बाहेरच्या बाकावर येऊन बसलो.

"ताई, मागची खोली रिकामी केली."

"गठ्ठे?"

"गेले. सगळे. तू चल. आजच चल."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "कुणी सांगितलं तुला?"

"वर्गातल्या एका मुलीने."

"कितवीतली?"

"नववी."

ती हसली. "बरी दिसते पोरगी. तिला काहीतरी चांगलं वाचायला दे."

"ताई, तू मला सरळ का नाही विचारलंस?"

"तुझ्यावर नाही म्हणायची वेळ आली असती तर? उताऱ्यात घातलं की, मला कळलं नाही, असं तरी तुला म्हणता येतं." तिने माझ्या पदरावरचा खडूचा डाग झटकला. "आणि तुला खरंच कळलं नाही. वेड्यासारखी मी दोन महिने वाट बघितली, की हिला आज कळेल, उद्या कळेल."

"आता कळलं ना. चल ना गं."

"बारके, उत्तर बरोबर आहे. पण पेपर गोळा झालाय." मग माझा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "इथे मी येऊन सरळ विचारलं, जागा आहे का? ते म्हणाले, आहे, या. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला काही मागितलं आणि मिळालं. आता ते कसं टाकू? आणि आत ती बसलीय. तिला मी सांगितलंय, पुस्तक संपेपर्यंत कुठे जात नाही. एक संपलं की ती दुसरं काढते, लबाड आहे."

आतून नर्सबाईंनी हाक मारली, पाहुण्या गेल्या का म्हणून. ताई उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, पण पटकन उठली.

त्याला आता तीन वर्षं होतील. दर रविवारी चार वाजता मी तिच्याकडे जाते. उतारे तिने बंद केले. समितीने ते काम मला विचारलं होतं, मी नाही म्हटलं. वर्गात आता आधी उतारा वाचते, मोठ्याने, पूर्ण, आणि मध्येच थांबून विचारते की त्याला काय वाटलं असेल. मुलं म्हणतात, लिहिलेलं नाहीये. गुण थोडे घसरलेत, दोन पालकांनी मुलांना काढून घेतलं. ताईला सांगितलं तर म्हणाली, "घसरू देत."

ती माझी सगळी चौकशी करते. ह्यांची, वर्गाची, पणपणची, किल्लीवाल्याचीसुद्धा. मागच्या खोलीबद्दल एक अक्षर विचारत नाही. तिथे नवी चादर घालून तीन वर्षं झाली, ती मी महिन्यातून एकदा धुते. पुन्हा सरळ विचारायचा मला धीर होत नाही. एकदा विचारून झालंय, आणि तिच्यावर पुन्हा नाही म्हणायची वेळ आणायची नाही. मग निघताना मी उगाच तिच्या पलंगाखाली वाकून बघते आणि विचारते, "ताई, तुझी ती सामानाची पेटी कुठे ठेवतेस गं हल्ली?"

तिला मी काय विचारतेय ते पहिल्या शब्दालाच कळतं. ती माझ्याकडे बघते, हसते, आणि म्हणते, "आहे जागेवर."